तो आजारी नव्हता

रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर माणसं शिरली. त्यांच्या हातात काठ्या होत्या. एकाच्या हातात ऑइलचा डबा होता. त्यांनी आम्हाला मारलं. तो दारात उभा होता. त्याच्या डोक्यात काठी बसली. मंगळवारी तो गेला.

एवढं लिहायला मला दीड वर्ष लागलं. पुढचं सावकाश लिहितो. यात मी कोणाचंच नाव लिहिणार नाही. जी नावं द्यायला हवी होती ती पोलीस ठाण्यात दिली आहेत. त्याचं नाव चौकात लागलं होतं, हातभर उंचीच्या अक्षरांत. ते तिथे कसं लागलं, त्याचीच ही हकिकत.

मी नाशिकमधल्या एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. तो सातपूरला एका कारखान्यात लेथवर काम करायचा. आम्ही अकरा वर्षं एका घरात राहिलो. घरमालकीणबाई त्याला ‘तुमचे पाहुणे’ म्हणायच्या. अकरा वर्षं पाहुणा. तो हसायचा आणि म्हणायचा, “पाहुण्याला चहा टाका की, सर.” तोही मला सरच म्हणायचा, आधी चेष्टेने, नंतर सवयीने.

मी बोलणारा माणूस नाही. तो वाजवणारा होता. त्याची आई आणि थोरला भाऊ पंचवटीत राहतात. तिथल्या चौकातल्या मंडळाच्या ढोलपथकात तो मिसरूड फुटल्यापासून होता. पुढे पुढे नव्या पोरांना शिकवायचं काम त्याच्याकडे आलं. गणपतीच्या आधी दोन महिने कारखान्यातून सुटला की तो थेट सरावाला जायचा आणि घरी यायचा तो बोटांना चिकटपट्ट्या लावून. मी कधी सराव बघायला गेलो तर त्याचा आवाज लांबून ऐकू यायचा, “मनगट सोड! टिपरू म्हणजे काय दांडकं आहे का, डोक्यात घालायला?” पोरं हसायची.

कायद्याने आमच्यासारख्यांना गुन्हेगार म्हणणं थांबवलं, त्यानंतर दोनेक वर्षांनी आम्ही महिन्यातून एका रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमू लागलो. वाचनालयाच्या रजिस्टरात ‘वाचनगट’ अशी नोंद होती आणि ती खरीच होती. पंधरा-वीस माणसं असायची. एकत्र राहणारे पुरुष, एकत्र राहणाऱ्या बायका, घरी अजून कोणाला न सांगितलेली दोन-चार कॉलेजातली मुलं. शिवाय आमची रिक्षावाली मैत्रीण. जन्मली तेव्हा घरच्यांनी तिला मुलगा समजून वाढवायला घेतलं. तिने त्यांचा गैरसमज फार दिवस टिकू दिला नाही. कोणी कविता वाचायचं, कोणी वर्तमानपत्रातलं कात्रण. वाचून झालं की सगळे मिळून मिसळ खायला जायचो. मिसळीच्या वेळी जास्त माणसं असायची, हे मान्य केलं पाहिजे.

त्यातल्याच एका सभेचा फोटो कोणीतरी कुठेतरी पाठवला. खाली ‘वाचनालयात चालतात असले धंदे’ असं लिहिलं. तो फिरत फिरत संस्कृती वाचवायला निघालेल्या एका संघटनेकडे गेला. पुढच्या सभेच्या रविवारी ते आले.

जो भाग मी पाहिला तेवढाच सांगतो. त्यांनी खुर्च्या मोडल्या. आम्हाला भिंतीशी उभं केलं आणि तोंडाला जळकं ऑइल फासलं. एक जण फोनवर चित्रण करत होता. रिक्षावालीने ओढणीने डोळे पुसले आणि त्याला म्हणाली, “नीट धर रे फोन. उजव्या बाजूने घे, चांगली दिसते मी.” त्याबद्दल तिला आणखी मार बसला. कॉलेजातली मुलं आतल्या खोलीत, जिथे आम्ही फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे लावतो, तिथे शिरली होती. तो त्या खोलीच्या दारात उभा राहिला. दोन्ही हातांनी चौकट धरून. समोर काठी घेऊन जो पोरगा आला त्याला बघून तो म्हणाला, “अरे, तू कुठे इथे?” भाजीबाजारात ओळखीचं कोणी भेटलं तर म्हणावं, तसं. त्या पोराला त्याने ढोल शिकवला होता.

काठी त्या पोराने मारली की त्याच्या मागच्याने, ते मी पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांत ऑइल होतं. जबाबातही मी तेच सांगितलं. दार मात्र उघडलं गेलं नाही. आतली मुलं वाचली.

सगळे विधी त्याच्या भावाने केले. मी गोदावरीच्या घाटावर मागच्या पायरीवर उभा राहिलो. मला कोणी पुढे बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. तिथून परतताना मी त्यांच्या चौकातून गेलो आणि मान वर केली.

चौकातल्या लोखंडी सांगाड्यावर त्याचा फ्लेक्स लागला होता. भावपूर्ण श्रद्धांजली. मागे निळं आभाळ, ढग, एका कोपऱ्यात कमळ, एका कोपऱ्यात समई. मधे तो, फेटा बांधलेला, हसरा. खाली लिहिलं होतं: ‘आमच्या पथकाचे आधारस्तंभ … यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.’ त्याच्या खाली शोकाकुल म्हणून मंडळाचं नाव, आणि मग पदाधिकाऱ्यांचे छोटे छोटे फोटो ओळीने. बरेचसे गॉगल लावून शोकाकुल झालेले. ओळीतला तिसरा फोटो त्या पोराचा होता.

मी तिथे किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. अल्पशा आजाराने. हे शब्द मी आयुष्यभर वर्तमानपत्रांत वाचत आलो. त्यांच्याकडे कधी लक्षही गेलं नव्हतं. आता ते वाचताना वाटलं, त्याला दुसऱ्यांदा मारलंय, आणि या वेळी रीतसर.

शेवटी ‘समस्त मित्रपरिवार’ असं होतं. त्यात मी आलो.

पण मी आणखीही एका ठिकाणी होतो. तो फोटो मला ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी मिरवणुकीनंतर रिक्षावालीने आमच्या दोघांचा काढलेला. भावाने त्याच्या फोनमधून तो मंडळाला दिला, आणि फ्लेक्स करणाऱ्याने मला कापून टाकून मागे आभाळ भरलं. कापताना घाई झाली असावी. त्याच्या डाव्या खांद्यावर चार बोटं राहून गेली होती. मागे माणूस नाही, मनगट नाही. ढगातून आलेली चार बोटं, खांदा घट्ट धरून.

चौकात चहाची टपरी आहे. चहावाला मला तोंडओळखीने ओळखत होता. ग्लास पुढे करत तो म्हणाला, “सर, तो हात कोणाचा आहे हो? सकाळपासून सगळे तेच विचारतायत. एक म्हातारी म्हणाली, देवाचा आहे.”

मी म्हणालो, “माझा.”

टपरीवर आणखी तीन-चार जण होते. त्यांनी वळून पाहिलं. चहावाल्याने फ्लेक्सकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. “साखर कमी ना तुम्हाला?” एवढंच तो म्हणाला. अकरा वर्षांत मी चारचौघांत त्याच्याबद्दल उच्चारलेला हा पहिला खरा शब्द. तो उच्चारल्यावर आभाळ कोसळलं नाही. त्या क्षणी मी ठरवलं की तो फ्लेक्स खोटा आहे हे त्याच चौकात, त्याच सांगाड्यावर लिहिलं गेलं पाहिजे. तो कसा मेला ते. आणि तो हात कोणाचा ते.

मी त्याच्या घरी गेलो. भाऊ खाटेवर बसला होता. आई खाली बसून लसूण सोलत होती. त्या निफाडकडच्या खेड्यातल्या. मी शिकवत नसलो तरी पुस्तकांत असतो म्हणून मला पहिल्यापासून मास्तर म्हणतात.

“हे आजाराचं कोणी लिहिलं?” मी भावाला विचारलं.

“मंडळाने केला ना बोर्ड. मी काय लिहिणार?” तो म्हणाला. “आणि सर, खरं सांगू का, तुम्हाला काय जातंय? तुम्ही जाल गंगापूर रोडला, तुमच्या घरी निघून. मला ह्याच गल्लीत राहायचंय. माझी पोरगी लग्नाची आहे. आजार लिहिलं तर कोणाचं वाईट झालं?”

“कोणाला झाला आजार?” आईंनी मान वर केली.

भाऊ म्हणाला, “काही नाही. तू गप.”

“मला लांबचं दिसत नाय. मास्तर, काय लिवलंय त्या बोर्डावर?”

मी वाचलेलं त्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हातातली लसणाची पाकळी ताटात ठेवली.

“माझ्या पोराला आजार? त्याला कधी ताप सुदीक नाय आला. शाळेत खाडा नाय, कंपनीत खाडा नाय. बाळंतपणात दायीच म्हणाली होती, लय दांडगं हाय म्हणून. आन हे म्हणत्यात आजारानं गेला?” त्या भावाकडे वळल्या. “असं लिवलं तर लोक काय म्हणतील रे? आईनं खायला घातलं नाय म्हणतील.”

“आई, तसं नसतं ते. सगळ्यांचंच तसं लिहितात.”

“सगळ्यांच्या डोक्यात काठ्या बसत्यात का?”

भाऊ उठून बाहेर गेला. आईंनी पुन्हा लसूण हातात घेतला. माझ्यात आणि त्यांच्या मुलात काय होतं, हे त्यांना माहीत होतं का, मला आजही नक्की सांगता येणार नाही. दिवाळीला त्या डबा पाठवायच्या त्यात करंज्या दोघांच्या वाटच्या वेगवेगळ्या बांधलेल्या असायच्या, कारण मला खसखस चालत नाही. त्या म्हणाल्या, “मास्तर, तुमी लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाय. आन खाली माझं नाव घाला पहिलं.”

फ्लेक्स अक्षर बघून होत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आपल्याकडे श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला कोणी परवानगी घेत नाही. रात्रीत लागतो, पावसाने किंवा पुढच्या वाढदिवसाने उतरतो. मला मात्र नियम वाचायची सवय आहे. मी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात गेलो आणि अर्ज केला. टेबलामागच्या माणसाने तो दोनदा वाचला.

“श्रद्धांजलीला परवानगी?” तो म्हणाला.

“हो.”

“वारले कधी?”

“महिना होईल.”

“मग आता कशाला, साहेब? दुःख तर होऊन गेलं.”

“नाही झालं,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का शोधायला लागला. परवानगी मिळाली. तोवर मंडळाचा फ्लेक्स एका नेत्याच्या वाढदिवसासाठी निघाला होता आणि तो वाढदिवसही उलटून गेला होता.

फ्लेक्स छापणारा तोच गाठला, ज्याने पहिला केला होता. रिक्षावाली बरोबर होती. तिच्या कानामागे अजून ऑइलची काळी रेघ होती. ती म्हणायची, मुद्दाम ठेवलीय. मी पेन ड्राइव्ह दिला. त्याने पडद्यावर फोटो उघडला आणि आम्हा दोघांना शेजारी शेजारी बघून तो खुर्चीत मागे सरकला.

“आयला. तो हात तुमचा होता होय.”

“कापायचंच होतं तर नीट तरी कापायचं,” रिक्षावाली म्हणाली. “चार बोटं ठेवलीस. अंगठ्याने काय पाप केलं होतं?”

“ताई, गर्दी होती हो त्या दिवशी. दोन बारशी, एक उद्घाटन.” मग त्याने मी लिहिलेला मजकूर वाचायला घेतला. वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला. “सर, असं कोणी लिहीत नाही. आपण ‘अपघाती’ टाकू. ‘अपघाती’ चालतं. लोक समजून घेतात.”

“अपघात नव्हता.”

“आणि हे जोडीदार... म्हणजे धंद्यातले?”

“घरातले.”

तो माउस हलवत राहिला. मग म्हणाला, “माझं दुकान त्याच गल्लीत आहे, सर.”

“परवानगी आहे,” मी म्हणालो आणि कागद पुढे केला. “क्रमांक खाली कोपऱ्यात टाका. नियम आहे तसा.”

त्याने कागद उजेडात धरला, नोट बघतात तसा. मग मान हलवली. “बॅकग्राउंडला आभाळ टाकू ना?”

“नको. जे आहे तेच राहू द्या.” फोटोत आमच्या मागे वडापावची गाडी होती आणि गुलालाने माखलेलं एक कुत्रं.

असा तो फ्लेक्स लागला. वर त्याचं नाव. खाली: ‘हा आजारी नव्हता. वाचनाच्या सभेत काठ्या घेऊन शिरलेल्या जमावाने याला मारलं. आतल्या मुलांना वाचवताना हा दारात उभा होता.’ शोकाकुल: आई. जोडीदार. वाचनगट. आणि आम्हा दोघांचा फोटो, हातासकट, माणसासकट.

त्याच दुपारी मंडळाचे अध्यक्ष वाचनालयात आले. मऊ बोलले. “सर, तुम्ही शिकलेली माणसं. तो आमचाही होता हो. मी त्याला खांदा दिलाय. आपसात बसू, मिटवू. नाव राहू द्या, फोटो पण राहू द्या, माझी ना नाही. तेवढं ते ‘जमावाने’ काढा.”

“मग कोणी मारलं म्हणून लिहू?”

“मारलं हे कशाला लिहायचं?”

“तुम्ही आजार लिहिलात. मी तुमच्याकडे आलो होतो का, काढा म्हणून?”

“पोरं तापलीयत, सर. फाडतील. मग मला म्हणू नका.”

“फाडलं तर तक्रार करीन. परवानगीचा फ्लेक्स आहे,” मी म्हणालो.  माझा आवाज थरथरला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. “पुस्तक हवंय का काही? सभासद आहात तुम्ही. बरीच वर्षं काही नेलं नाहीत.”

ते गेले.

दुसऱ्या सकाळी चहावाल्याचा फोन आला. फ्लेक्स ब्लेडने कापला होता. आम्ही गेलो तेव्हा चौकात माणसं जमली होती. फक्त मला कापून नेलं होतं. चेहरा, छाती, सगळं. माझ्या जागी भोक होतं आणि भोकातून मागची भिंत दिसत होती. त्याला कोणी ब्लेड लावलं नव्हतं. आणि त्याच्या खांद्यावर, पुन्हा, माझी बोटं तशीच होती.

रिक्षावालीने कमरेवर हात ठेवून बराच वेळ ते बघितलं. मग मोठ्याने, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाली, “ह्या लोकांना मेलं नीट कापताच येत नाही!”

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी. मीसुद्धा. त्याच्या जाण्यानंतर मी पहिल्यांदा हसलो ते तिथे, त्याच्या फाटक्या फोटोखाली, आणि हसता हसता रडलो ते सगळ्यांनी पाहिलं. पाहू दे.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली. मग फ्लेक्सवाल्याकडे गेलो, दुसरा छापा म्हणून. त्याने काउंटरखालून एक गुंडाळी काढली. “दोन काढूनच ठेवले होते,” तो म्हणाला. “मला माहीत होतं. धंदा आहे माझा.” तो हसला नाही, सहानुभूतीही दाखवली नाही. दोरी मात्र नवी दिली.

परवानगीची मुदत संपेपर्यंत आम्ही आळीपाळीने त्याच्याखाली बसलो. रिक्षावाली रिक्षा तिथेच लावायची. गिऱ्हाईक आलं की जायची आणि परत यायची. आतल्या खोलीत वाचलेली मुलं पुस्तकं घेऊन यायची. एक जण तोवर घरी सांगून मोकळा झाला होता, दुसऱ्याने येणं सोडलं. संध्याकाळी आई सतरंजी घेऊन यायच्या. येणारे-जाणारे थांबायचे, वाचायचे. काही तोंड फिरवायचे. एकाने थुंकलं. एका बाईने आईंना विचारलं, “शेजारचा कोण हो?”

“मास्तर हाय,” आई म्हणाल्या. “त्याचा माणूस.”

बाई पुढे गेली. आईंनी पदराने सतरंजीवरची धूळ झटकली आणि मला म्हणाल्या, “नीट बसा. पाठीत वाकू नका.”

दुसऱ्या फ्लेक्सला कोणी हात लावला नाही. का, ते मला माहीत नाही. घाबरले म्हणावं असं ते नव्हते. कंटाळले असतील. किंवा रोज समोर बसणाऱ्या म्हातारीपुढे ब्लेड काढणं जमलं नसेल. ढोल शिकलेला तो पोरगा जामिनावर बाहेर आहे. मला रस्त्यात दिसतो. तो बाजू बदलतो. मी बदलत नाही.

मुदत संपली त्या दिवशी नियमाप्रमाणे आम्ही फ्लेक्स उतरवला. मी घरी नेणार होतो. आई म्हणाल्या, “तुमाला काय करायचाय? माझ्या परसदारी न्हाणीवर पत्रा गळतोय. जाड कापड हाय, चांगलं टिकंल.” भावाने तो शिडी लावून बांधला. बांधताना त्याने छापील बाजू आत घेतली. आईंनी त्याला तो सोडायला लावला आणि पुन्हा बांधून घेतला.

खटला चालू आहे. तारखा पडतात; मी जातो. वाचनगट त्याच हॉलमध्ये भरतो. फरशीवरचा ऑइलचा डाग घासून फिका झाला, गेला नाही. आम्ही त्याच्यावर खुर्च्या मांडत नाही. माणसं त्याच्या कडेने बसतात. मिसळीला अजूनही वाचनापेक्षा जास्त जण येतात.

न्हाणीवरचा फ्लेक्स एका बाजूला आडोशासारखा खाली आला आहे, मागच्या गल्लीकडे तोंड करून. ऊन लागून गुलालाचा रंग उडाला, कुत्रं आता पांढरं दिसतं. आमचे चेहरे पुसट झाले आहेत. अक्षरं वाचता येतात.